पीअर रिव्ह्यू पहिल्यांदाच वाट्याला आला तर: इंग्लंडमधल्या सोशल केअरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी वाटाड्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना दिपोटीसाहेब येण्याचा दिवस आठवत असेल. आदल्या दिवशी वर्ग झाडून-पुसून लख्ख व्हायचा, भिंतीवर नवे तक्ते लागायचे आणि हुशार मुलं पुढच्या बाकावर यायची. इंग्लंडमधल्या एखाद्या काउन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेत, नव्याने रुजू झालेल्या आपल्या माणसाला मॅनेजरने सांगितलं, की ‘पुढच्या महिन्यात आपल्या अ‍ॅडल्ट सोशल केअरचा पीअर रिव्ह्यू आहे,’ तर मनात नेमकं हेच चित्र उभं राहतं. मी ही तयारी यजमान काउन्सिलमध्ये बसून केली आहे आणि दुसरीकडे पाहुण्या चमूतही गेले आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: हे चित्र डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही.

हा लेख नव्या सोशल वर्करसाठी, ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी, आकडेवारी सांभाळणाऱ्यांसाठी आणि नव्याने निवडून आलेल्या कौन्सिलरसाठी आहे. घरात आजारी किंवा म्हातारं माणूस आहे म्हणून ज्यांना ‘फोकस ग्रुपला या’, म्हणजे गटात बसून अनुभव सांगायला या, असं पत्र येतं, त्यांच्यासाठीही आहे.

एक शब्द सुरुवातीलाच सोडवून टाकू. काउन्सिलमध्ये ‘रिव्ह्यू’ हा शब्द रोज कानावर पडतो, पण तो बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या केअर प्लॅनच्या फेरतपासणीबद्दल असतो. पीअर रिव्ह्यू म्हणजे अख्ख्या सेवेची तपासणी, आणि ती करणारे असतात दुसऱ्या काउन्सिलांतले तुमच्यासारखेच लोक. काही ठिकाणी यालाच ‘पीअर चॅलेंज’ म्हणतात. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द आहे ‘घरचा आहेर’. बोलणारे आपल्याच बिरादरीतले असतात, त्यांना आपल्या पळवाटा ठाऊक असतात आणि म्हणूनच त्यांचं बोलणं झोंबतं.

आधी पाया

सगळं उभं आहे ते केअर अ‍ॅक्ट २०१४ वर. त्याचा मुख्य भाग एप्रिल २०१५ पासून लागू झाला. वय, अपंगत्व, आजार यांमुळे ज्या प्रौढांना रोजच्या जगण्यात आधार लागतो, त्यांच्याबद्दलची काउन्सिलची कर्तव्यं त्यात आहेत. हा कायदा इंग्लंडपुरता आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी. इंग्लंडमध्येही ही जबाबदारी १५३ काउन्सिलांवर आहे. तुमच्या दारातला कचरा उचलणारी डिस्ट्रिक्ट काउन्सिल त्यांत येत नाही, तिथे हे काम काउंटी काउन्सिल करते.

भारतातून आलेल्यांचा आणखी एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मोफत असतात म्हणून सोशल केअरही मोफतच असेल, असं वाटतं. तसं नाही. इथे उत्पन्न आणि मालमत्ता पाहिली जाते. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त पुंजी असेल तर साधारणपणे खर्च स्वतःच करावा लागतो. पण गरजेची तपासणी, म्हणजे नीड्स असेसमेंट, पैशांवर अवलंबून नाही. ती मागण्याचा हक्क सगळ्यांना आहे, आणि पीअर रिव्ह्यूमध्ये हा फरक लोकांना सांगितला जातो की नाही हे आवर्जून पाहावं.

तपासणीचा इतिहास थोडक्यात सांगते. काउन्सिलांच्या या सेवांना दरवर्षी श्रेणी देण्याची पद्धत २०१० मध्ये बंद झाली. त्यानंतर काउन्सिलांनी एकमेकांना तपासण्याची वाट धरली. काउन्सिलांची संघटना ‘लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन’ आणि अ‍ॅडल्ट सोशल केअरच्या संचालकांची संघटना ‘अ‍ॅडास’ यांनी ती बांधून दिली. पुढे हेल्थ अँड केअर अ‍ॅक्ट २०२२ आला आणि एप्रिल २०२३ पासून केअर क्वालिटी कमिशन या देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे सीक्यूसीकडे, काउन्सिलांना तपासण्याचं काम पुन्हा आलं. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम, लिंकनशर, नॉर्थ लिंकनशर, नॉटिंगहॅम आणि सफोक या पाच ठिकाणी चाचणी झाली, आणि मग सगळीकडे सुरुवात झाली. सीक्यूसी चार विषयांखाली नऊ निकष तपासते आणि ‘आउटस्टँडिंग’पासून ‘इनअ‍ॅडिक्वेट’पर्यंत चारपैकी एक श्रेणी देते.

यामुळे आज कितीतरी काउन्सिलं पीअर रिव्ह्यूकडे सीक्यूसीच्या आधीची रंगीत तालीम म्हणून बघतात. तालमीचा फायदा होतो हे मान्य. पण तालमीत सगळ्यांचं लक्ष संवाद पाठ आहेत की नाही याकडे असतं. पीअर रिव्ह्यूमध्ये कुणी श्रेणी देत नाही, पाहुणे बोलावल्याशिवाय येत नाहीत आणि कोण काय बोललं हे नावानिशी बाहेर जात नाही. खरं बोलायला इतकी सुरक्षित जागा पुन्हा मिळत नाही. ती पाठांतरात घालवू नका.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणं

‘आमची सेवा कशी आहे ते बघा’ हा प्रश्न नव्हे. असं बोलावलं की उत्तरही तसंच गुळमुळीत येतं: कर्मचारी तळमळीचे आहेत, भागीदारी चांगली आहे, माहितीच्या वापरात सुधारणेला वाव आहे. हे वाक्य कुठल्याही काउन्सिलबद्दल लिहिता येईल.

तीन किंवा चार प्रश्न घ्या आणि ते माणसाच्या वाटेवरून काढा. हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या माणसाकडे सहा आठवड्यांनंतर कोण बघतं? अपंग मुलगा अठरा वर्षांचा होऊन मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात येतो, तेव्हा त्याच्या आईला किती वेळा तीच कहाणी नव्याने सांगावी लागते? फ्रंट डोअरला, म्हणजे पहिला फोन जिथे घेतला जातो तिथे, ‘तुम्ही आमच्या निकषात बसत नाही’ असं ऐकून परत गेलेल्यांचं पुढे काय होतं? यांतला निदान एक प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर खुद्द संचालकांना माहीत नाही. तुम्ही नवे असाल तर हा प्रश्न सुचवायला सर्वांत योग्य माणूस तुम्हीच आहात, कारण कुठल्या गोष्टी चमत्कारिक आहेत हे तुम्हाला अजून दिसतं. सहा महिन्यांत सवय होते आणि दिसायचं थांबतं.

दुसरी पायरी: चमू

चमूत साधारणपणे दुसऱ्या काउन्सिलचे आजी किंवा माजी संचालक असतात, एक कौन्सिलर, एक प्रिन्सिपल सोशल वर्कर, सेवा विकत घेण्याचं काम जाणणारा एखादा कमिशनर आणि सगळ्यांची मोट बांधणारा एक व्यवस्थापक. स्वतः सेवा घेतलेली किंवा घरच्यांची देखभाल केलेली एक व्यक्तीही असते, किंवा असायला हवी. या शेवटच्या व्यक्तीबद्दल मी आग्रही आहे. तिला एका बैठकीपुरतं बोलावून मग चहा देऊन निरोप देऊ नये. तिला सगळी कागदपत्रं वाचता येतील अशा रूपात आणि वेळेवर मिळावीत, कामाचा मोबदला मिळावा आणि संध्याकाळच्या चर्चेत तिला खुर्ची असावी. फाइलमध्ये ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ असं लिहिलेलं आम्ही सगळे वाचून पुढे गेलो होतो, तेव्हा आमच्या चमूतल्या अशाच एका बाईंनी थांबवून विचारलं, ‘त्या कुटुंबाला आतापर्यंत किती सोशल वर्कर बदलून दिलेत?’ मोजले तर पाच निघाले.

पाहुणे म्हणून जात असाल तर ‘आमच्याकडे आम्ही असं करतो’ हे वाक्य पहिले दोन दिवस तोंडातून काढू नका. ते शेवटी, विचारलं तर, उपयोगी पडतं.

तिसरी पायरी: आत्मपरीक्षण आणि आकडे

चमू यायच्या आधी यजमान काउन्सिल स्वतःबद्दलचं एक टिपण लिहिते. ते वाचताना प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलीने लिहा: ‘हे कशावरून?’ उत्तर फक्त धोरणाच्या कागदात सापडत असेल तर दावा अजून सिद्ध झालेला नाही.

आकड्यांत सगळ्यात आधी प्रतीक्षायादी बघा. केअर अ‍ॅक्टमध्ये असेसमेंट अमुक दिवसांत झालंच पाहिजे अशी मुदत नाही. ‘योग्य आणि वाजवी’ वेळ एवढीच अपेक्षा आहे. त्यामुळे प्रत्येक काउन्सिल आपापली मुदत ठरवते. सरासरीवर समाधान मानू नका. सर्वांत जास्त थांबलेल्या माणसाला किती दिवस झाले, तो का थांबला आहे आणि मधल्या काळात त्याला कुणी फोन केला होता का, हे विचारा. ‘यादीवर लक्ष आहे’ आणि ‘माणसावर लक्ष आहे’ यांत फार अंतर आहे.

दुसरी यादी असते डॉल्सची, म्हणजे ‘डेप्रिव्हेशन ऑफ लिबर्टी सेफगार्ड्स’ची. केअर होममध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये ज्याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, अशा माणसाला त्याच्या सुरक्षिततेसाठी बंधनात ठेवायचं असेल तर कायदेशीर मंजुरी लागते. नेहमीच्या (स्टँडर्ड) अर्जावर निर्णय देण्याची मुदत २१ दिवसांची आहे. ती पाळणं देशभर अवघड होऊन बसलं आहे. म्हणून ‘सगळीकडेच असं आहे’ हे उत्तर तुम्हाला मिळेल. ते खरंही असेल. तरी यादीतलं कुणाचं नाव आधी घ्यायचं हे कोण, कशाच्या आधारे ठरवतं, हा प्रश्न उरतोच.

चौथी पायरी: फाइल वाचणं

माझ्या मते सगळ्या रिव्ह्यूचा जीव इथे आहे. चमूतले लोक आठ-दहा किंवा जास्त केस फाइली आधीच वाचतात. कुठल्या वाचायच्या हे यजमानांनी निवडू नये; यादी द्यावी आणि पाहुण्यांनी उचलाव्यात. फाइल हातात आली की आधी फॉर्म पूर्ण भरलाय का ते बघू नका. आधी शोधा, की या माणसाचा आवाज यात कुठे आहे. त्याला काय हवंय हे त्याच्या शब्दांत एकदा तरी लिहिलंय का?

आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ, कारण इथे मराठी वाचकाला जे दिसेल ते इतरांना दिसणार नाही. समजा, मुलाकडे राहणारी ऐंशीच्या घरातली आजी आहे. सोशल वर्कर येते आणि विचारते, ‘तुमची आंघोळ तुम्ही करता का?’ आजी म्हणते, ‘करते की. अजून जमतं मला.’ परक्या बाईसमोर आणि सुनेच्या देखत ती दुसरं काय म्हणणार? मुलगा भाषांतर करतो, ‘शी इज फाइन.’ फाइलमध्ये नोंद होते: आंघोळ, स्वतंत्रपणे. गरज नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. पात्रतेच्या नियमांत रोजच्या जगण्यातल्या दहा गोष्टी दिल्या आहेत: खाणंपिणं, स्वच्छता, शौचाला जाणं, कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, नाती टिकवणं अशा. आजार किंवा अपंगत्वामुळे त्यांतल्या दोन किंवा अधिक जमत नसतील आणि त्याचा माणसाच्या भल्यावर मोठा परिणाम होत असेल, तर तो पात्र ठरतो. पण ‘जमत नाही’ याची व्याख्या मोठी आहे. मदतीशिवाय जमत नसेल, जमताना खूप वेदना किंवा त्रास होत असेल, आरोग्य किंवा सुरक्षितता धोक्यात येत असेल किंवा नेहमीपेक्षा फारच वेळ लागत असेल, तरी कायद्याच्या दृष्टीने ते ‘जमत नाही’. म्हणजे प्रश्न ‘आंघोळ करता का’ हा नव्हताच. ‘किती वेळ लागतो, कुणाचा हात धरता, शेवटचं कधी घसरला होतात’ हा होता.

आणि सून? ती सकाळी सहाला उठून आजीचं सगळं करून मग कामावर जाते. तिला ‘तुम्ही केअरर आहात का’ असं विचारलं तर ती ‘नाही, मी सून आहे’ असं सांगेल. आपल्या भाषेत या कामाला वेगळं नावच नाही. ते ‘घरचं करणं’ आहे. केअर अ‍ॅक्टच्या दहाव्या कलमानुसार तिचंही स्वतंत्र असेसमेंट व्हायला हवं, आणि ते आजीच्या पात्रतेवर अवलंबून नाही. शिवाय आजीच्या गरजा ठरवताना सून किती करते हे बाजूला ठेवूनच ठरवायचं असतं. तिची मदत नंतर, आराखडा करताना, तिच्या इच्छेने विचारात घ्यायची. ‘कुटुंब सगळं बघतं, सबब गरज नाही’ ही ओळ फाइलमध्ये दिसली तर तिच्याखाली जाड रेघ मारा. दक्षिण आशियाई घरांच्या फाइलींत ही ओळ मी नको तितक्या वेळा वाचली आहे. ‘ते लोक आपल्या माणसांना सांभाळतात’ हे कौतुक म्हणून बोललं जातं, आणि त्यामुळे मदत दारातूनच परत जाते.

म्हणून प्रत्येक फाइलमध्ये दुभाष्या कोण होता हे शोधा. मुलगा, सून किंवा नात दुभाषी असेल, तर त्या पानावरचा ‘नको’ नक्की कुणाचा हे सांगता येत नाही. आणि ज्याला बोलण्यात, समजण्यात फारच अडचण आहे आणि बाजू मांडायला योग्य असं कुणी नाही, त्याला स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट (इथे वकील नव्हे, त्याच्या वतीने बोलणारा माणूस) देणं हे काउन्सिलचं कर्तव्य आहे.

मानसिक क्षमतेच्या नोंदीकडेही बघा. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ नुसार क्षमता आहे असं गृहीत धरूनच सुरुवात करायची असते, आणि तपासायची ती एका विशिष्ट निर्णयापुरती. ‘डिमेन्शिया आहे, क्षमता नाही’ एवढीच ओळ असेल तर ते असेसमेंट झालेलं नाही. आजोबांना बँकेचे कागद कळत नसतील, पण कुठल्या घरात राहायचं हे त्यांना नीट कळत असेल.

वाचताना एखादी व्यक्ती आत्ता धोक्यात आहे असं वाटलं तर रिव्ह्यू संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी यजमानांना सांगा. गोपनीयतेची हमी इथे आड येत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

भेट बहुधा तीन-चार दिवसांची. मुलाखती, फोकस ग्रुप, एखाद्या टीममध्ये बसणं, आणि संध्याकाळी चमूची बैठक. नियम एकच: एकाच्या तोंडून ऐकलं ती ठिणगी, तीन वेगळ्या ठिकाणी सापडलं तर तो निष्कर्ष. फाइल, आकडे आणि माणसं या तिन्ही बाजूंनी एखादी गोष्ट जुळली तरच ती शेवटच्या दिवशी सांगायची.

यजमानांनो, फोकस ग्रुपला पुढच्या बाकावरची मुलं बसवू नका. रात्रपाळी करणारे, नुकतेच लागलेले, नोकरी सोडून चाललेले, सगळे असू द्यात. कर्मचाऱ्यांना उत्तरं पढवू नका. वेळ, जागा आणि नियम तेवढे सांगा. पढवलेलं उत्तर दहा मिनिटांत ओळखू येतं, कारण तीन माणसं तेच विशेषण वापरतात.

नवे कर्मचारी विचारतात, ‘अडचणी सांगितल्या तर मॅनेजरला राग येईल का?’ नावं बाहेर जाणार नाहीत, हे खरं. पण लहान टीममध्ये एखादा प्रसंग सांगितला की सांगणारा ओळखू येतो, हेही खरं. तेव्हा प्रसंगापेक्षा कामाचा अडथळा सांगा: ‘घरात रेलिंग बसवायची मंजुरी तीन सह्यांतून जाते आणि तोवर माणूस पडतो.’ यात कुणाचं नाव नाही आणि सगळं आहे.

कुटुंबातून आलेल्यांना दोन गोष्टी. मराठी दुभाष्या हवा असेल तर आधीच कळवा. मागणं हा उपद्रव नव्हे. आणि तुमच्या आईची केस या बैठकीत सुटणार नाही, ते या चमूच्या हातात नसतं. त्यासाठी काउन्सिलची तक्रार प्रक्रिया आहे, आणि तिथे समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन, म्हणजे एक प्रकारचा लोकपाल. पण केसमधून व्यवस्थेचं जे दिसलं, ते इथे नक्की सांगा. एका कागदावर तारखा लिहून न्या: पहिला फोन कधी, उत्तर कधी, माणूस घरी कधी आला. भावना कुणी नाकारू शकतं, तारखा नाही.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी चमू वरिष्ठांसमोर निष्कर्ष मांडतो. पाहुण्यांवर इथे सौम्य होण्याचा मोठा दबाव असतो. चार दिवस ज्यांचं जेवलो, ज्यांच्या अडचणी ऐकल्या, त्यांना तोंडावर कसं सांगायचं? उद्या हेच लोक आपल्या काउन्सिलमध्ये येतील हेही मनात असतं. या पद्धतीची खरी कमजोरी ही आहे. बोलावणारी काउन्सिल, विषय ठरवणारी काउन्सिल, आणि अहवाल जाहीर करायचा की नाही हेही बहुतेकदा तीच ठरवते. ‘स्वतंत्र’ हा शब्द म्हणून आपोआप लागू होत नाही. चमूने तो त्या शेवटच्या तासात कमवावा लागतो. मी एक साधी युक्ती वापरते: प्रत्येक निष्कर्षाशेजारी ज्या माणसाच्या फाइलमुळे तो निघाला, त्याचं नाव न लिहिता फक्त वय लिहून ठेवते. वाक्य मऊ करावंसं वाटलं की ते वय बघते.

काही आठवड्यांनी लेखी पत्र किंवा अहवाल येतो. कौन्सिलर असाल तर तो स्क्रूटिनी कमिटीपुढे, म्हणजे काउन्सिलच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या कौन्सिलरांच्या समितीपुढे, पूर्ण यावा असा आग्रह धरा. निवडक मुद्द्यांची स्लाइड पुरत नाही. कृती आराखड्यात वीस मुद्दे असतील तर तो वाचून बाजूला ठेवण्यासाठीच लिहिलाय असं समजा. पाच पुरेत, प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख.

आणि फोकस ग्रुपला आलेल्यांची यादी जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्यांना फोन करा. तुम्ही सांगितलेल्यातलं हे बदललं, हे अजून बदललं नाही आणि ते का, एवढं सांगा. त्या सुनेने फोन उचलला, तर तिचं असेसमेंट झालं का हे तिलाच विचारा.